गोदामातले वर्गमूळ

आकुर्डीला बजाजच्या स्कूटर बनत, तेव्हा त्यांच्यासाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत. कारखान्यात आणखीही एक गोष्ट थांबलेली असते, तिच्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही: गोदामातले सुटे भाग.

एखादा भाग एका खेपेला किती बनवावा? थोडे बनवले तर प्रेसचा डाय पुन्हापुन्हा बदलावा लागतो, तेवढा वेळ यंत्र बंद. भरपूर बनवले तर पैसा अडकतो, गंज चढतो. १९१३ साली अमेरिकेतल्या फोर्ड हॅरिस या इंजिनिअरने याचे गणित मांडले. (गृहस्थ कॉलेजात गेलेले नव्हते!) वर्षाची मागणी गुणिले एका डाय-बदलाचा खर्च, त्याची दुप्पट, भागिले एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च, आणि या साऱ्याचे वर्गमूळ. म्हणजे मागणी चौपट झाली तरी खेप दुप्पटच. वर्गात आकडे घालून हे करून पाहता येईल.

डाय-बदलाचा खर्च बहुतेकांनी ठरलेलाच मानला. जपानमध्ये टोयोटात ताइइची ओनो आणि शिगेओ शिंगो यांनी नेमका त्यालाच हात घातला. १९७० च्या सुमारास तासन्‌तास चालणारे हे काम काही मिनिटांवर आले. खर्च शंभरांश झाला, तर खेप दशांश!

आकुर्डीतले वाहन-उत्पादन २००७ मध्ये थांबले. आता चाकणच्या कारखान्यांना भाग लागतील तसे पोचवायचे असतात. पण पुरवठादाराच्या छोट्या शेडमध्ये डाय बदलायला अजून तीन तास लागत असतील, तर खेप मोठीच काढावी लागते. मग साठा संपत नाही. मोठ्या गोदामातून तो छोट्या शेडमध्ये सरकतो, आणि त्याचे व्याजही.