वायुबंदूक आणि तिचा पंप : एका शस्त्राच्या अपयशाची मीमांसा

१

वायुबंदुकीच्या इतिहासाकडे वळणाऱ्या अभ्यासकाचे लक्ष साहजिकच बंदुकीवर खिळते. नळीची लांबी, गोळीचा व्यास, पल्ला आणि अचूकता यांची चर्चा विस्ताराने होते. जिच्यामुळे या बंदुकीत शक्ती येते ती हवा भरणाऱ्या पंपाचा उल्लेख मात्र एखाद-दुसऱ्या वाक्यात आटोपला जातो. ही उपेक्षा निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे या शस्त्राचा उदय, त्याचा अस्त आणि सुमारे पावणेदोनशे वर्षांनी झालेले त्याचे पुनरागमन या तिन्ही घटना परस्परांशी असंबद्ध वाटू लागतात. वायुबंदुकीचे भवितव्य प्रत्येक काळी बंदुकीने नव्हे, तर पंपाने ठरविले, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

या उपेक्षेचे एक कारण भाषेतही सापडते. मराठीत तोंडाने भरावयाच्या बंदुकीसंबंधी ‘बार भरणे’ आणि ‘बार उडविणे’ हे प्रयोग रूढ आहेत. दारू ठासणे आणि गोळी घालणे या दोन्ही क्रिया एकाच जागी, एकाच मनुष्याच्या हातून, लागोपाठ घडत असल्यामुळे त्यांना एकच क्रियापद पुरते. वायुबंदुकीत हे ऐक्य मोडते. गोळ्या भरणे ही एक क्रिया आणि हवा भरणे ही दुसरी. दोहोंमध्ये काळाचे, स्थळाचे, कित्येकदा माणसांचेही अंतर पडते. तरीही जुन्या बंदुकीचे क्रियापद नव्या बंदुकीला जसेच्या तसे लावले गेले आणि त्या क्रियापदाच्या आड पंपावरचे श्रम झाकले गेले. जर्मन भाषेतील ‘विंडब्यूक्स’ या नावातही वारा आहे आणि बंदूक आहे, पंप नाही.

२

हवेच्या जोरावर गोळी फेकण्याची कल्पना जुनी आहे. स्टॉकहोमच्या राजशस्त्रागार संग्रहालयात इसवी सन १५८० च्या सुमाराची एक वायुबंदूक जतन केलेली आहे. तिच्या दस्त्यात लोहाराच्या भात्याच्या धर्तीचा एक लहानसा भाता आहे. भात्यातील हवेचा दाब अर्थातच बेताचा असतो. म्हणून ही बंदूक खेळणे किंवा नवल या पायरीपलीकडे गेली नाही. सतराव्या शतकाच्या मध्यास माग्देबुर्ग येथील ओटो फोन गेरिके याने निर्वात पंप सिद्ध केला. रॉबर्ट बॉइल याने त्याच दिशेने प्रयोग करून १६६२ साली हवेचा दाब आणि आकारमान यांतील व्यस्त प्रमाणाचा नियम प्रसिद्ध केला. दट्ट्या, नळी आणि झडप या तीन अवयवांचा पंप आता तत्त्वतः समजला होता. तथापि तत्त्व समजणे आणि पन्नास पट दाब सहन करील असे भांडे घडविणे यांत शंभरांहून अधिक वर्षांचे अंतर पडले.

३

ते अंतर बार्थोलोमॉयस जिरार्दोनी (१७४४–१७९९) या कारागिराने ओलांडले. जिरान्दोनी असेही त्याचे नाव लिहिले जाते. तो मूळचा तिरोलमधील कोर्तिना द’आम्पेझ्झो येथला. पुढे व्हिएन्नाजवळ येऊन स्थिरावला. त्याची बंदूक दुसऱ्या योझेफच्या कारकिर्दीत ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास स्वीकारली. तिचा लोखंडी पत्र्याचा दस्ता हेच हवेचे भांडे होते आणि ते काढून दुसरे बसविता येई. नळीच्या बाजूच्या लांबट पेटीत सुमारे वीस गोळ्या मावत. बंदूक किंचित उंचावून एक आडवा ठोकळा सरकविला की पुढची गोळी जागेवर येई. ज्या काळी चकमकीच्या बंदुकीचा कसलेला शिपाईही मिनिटाला तीन-चार बार काढी, त्या काळी ही बंदूक मिनिटभरात वीस गोळ्या सोडू शके. धूर नाही, ठिणगी नाही, आणि पावसाने दारू भिजण्याचे भयही नाही.

या गुणांची दुसरी बाजू भांडे रिकामे झाल्यावर दिसे. भरलेल्या भांड्यातील दाब सुमारे ५५ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ ५५ पट असे. एका भांड्यावर सुमारे तीस गोळ्या उपयुक्त जोराने जात. शेवटच्या गोळ्यांचा जोर पहिल्यांहून कमी असे. आणि ते भांडे हातपंपाने पुन्हा भरण्यास सुमारे दीड हजार हिसके लागत. म्हणून शिपायाजवळ जादा भरलेली भांडी देत आणि पिछाडीस चाकांवरचा मोठा पंप ठेवीत. भांड्यांचे सांधे गळत, झडपांची चामडी वाळली की हवा धरीत नसत, आणि दुरुस्तीस साधा लोहार पुरत नसे. १७८८ ते १७९१ च्या तुर्की युद्धाच्या काळातील ही बंदूक एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतच सैन्यातून नाहीशी झाली.

४

दीड हजार हिसक्यांचा अर्थ नीट कळण्यासाठी थोडे गणित अवश्य आहे. दट्ट्याच्या तोंडाचे क्षेत्र १ चौरस सेंटिमीटर धरले, तर ५५ बार दाबाविरुद्ध तो लोटण्यास सुमारे ५५ किलोग्रॅमचा भार लागतो. मनुष्य आपले सारे वजन टाकून एवढे करू शकतो. दट्ट्या याहून रुंद केला तर हिसके कमी होतील, पण मनुष्याचे वजन अपुरे पडेल. अरुंद केला तर भार कमी होईल, पण हिसके वाढतील. शिवाय दट्ट्या तळाला टेकला तरी त्याच्याखाली थोडी जागा उरतेच. ही जागा नळीच्या एकूण पोकळीच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी असेल, तर पंप कितीही वेळ चालविला तरी दाब सुमारे पन्नास बारांपुढे जात नाही. कारण हवा त्या उरलेल्या जागेतच दबते आणि पसरते, भांड्यात शिरत नाही. एका टप्प्याच्या पंपाची ही अंगभूत मर्यादा होय.

दारूशी तुलना केली म्हणजे प्रश्नाचे मूळ स्पष्ट होते. एक लिटर पोकळीत ५५ बार दाबाने हवा भरण्यास, तापमान कायम धरल्यास, सुमारे २२ किलोज्यूल कार्य करावे लागते. बंदुकीच्या सात-आठ ग्रॅम दारूत एवढी उष्णता असते. दारूची पुष्कळशी उष्णता वाया जाते हे खरे. म्हणूनच तेवढ्या हवेत अनेक गोळ्या सुटतात आणि तेवढ्या दारूत एक बार. परंतु दारू दूरच्या कारखान्यात एकदा तयार झाली की पिंपात भरून कोठेही नेता येते. तिच्यात श्रम साठविलेले असतात. हवा सर्वत्र फुकट आहे. दाबलेली हवा मात्र जेथे हवी तेथेच, स्नायूंच्या बळावर निर्माण करावी लागे. सारांश, जिरार्दोनीच्या बंदुकीला गोळीबाराचे यंत्र मिळाले होते; शक्ती साठविण्याचे यंत्र मिळाले नव्हते.

५

या बंदुकीचे दुसरे सुप्रसिद्ध पर्व उत्तर अमेरिकेत घडले. पॅसिफिक किनाऱ्यापर्यंतच्या मोहिमेवर निघताना मेरिवेदर लुइस याने एक वायुबंदूक विकत घेतली होती. ती फिलाडेल्फियाच्या एका कारागिराची असावी असे पूर्वी मानले जाई. अलीकडील संशोधनात ती जिरार्दोनी पद्धतीची होती या मताकडे कल आहे. ३० ऑगस्ट १८०३ च्या रोजनिशीत लुइस लिहितो की, पिट्सबर्गजवळच्या एका बेटावर मंडळींच्या आग्रहावरून त्याने बंदूक किनाऱ्यावर आणली, भरली आणि पंचावन्न यार्डांवर सात वेळा उडविली. त्यानंतर ती दुसऱ्याच्या हाती असता अवचित सुटली आणि दूर उभ्या असलेल्या एका स्त्रीच्या कानशिलाला गोळी चाटून गेली. सुदैवाने ती वाचली.

पुढे या बंदुकीचे काम मारण्याचे नव्हे, दाखविण्याचे झाले. ऑगस्ट १८०५ मध्ये शोशोनी लोकांसमोर आणि जानेवारी १८०६ मध्ये किनाऱ्यावरील क्लॅट्सॉप छावणीत तिचे प्रयोग झाल्याच्या नोंदी आहेत. दारूवाचून आणि इतक्या वेळा ती सुटते कशी, हे पाहणाऱ्यांना उमगेना, असे लुइस लिहितो. मूठभर माणसांच्या तुकडीला या अचंब्याचा उपयोग उघड होता. येथे ‘भरली’ हे रोजनिशीतील क्रियापद विचारात घेण्याजोगे आहे. त्यात गोळ्या घालण्याचे काही क्षण आणि पंप मारण्याचे शेकडो हिसके यांतील भेद उरत नाही. प्रेक्षकांना जसे गोळी सुटणे तेवढे दिसले, तसेच रोजनिशीवरून इतिहास लिहिणाऱ्यांनाही. लढाईत मात्र हा भेद झाकून ठेवता येत नाही. ज्या शस्त्राला ऑस्ट्रियाच्या सैन्याने निरोप दिला, तेच या मोहिमेत प्रभावी ठरले, ते प्रदर्शन आणि लढाई यांच्या गरजा भिन्न असल्यामुळे.

६

पंपाचा प्रश्न बंदूककारांनी सोडविला नाही. तो इतरांनी इतर कारणांसाठी सोडविला. १८६६ साली रॉबर्ट व्हाइटहेड याने फ्यूमे बंदरात दाबलेल्या हवेवर चालणारा पाणतीर सिद्ध केला. हे बंदर त्याच ऑस्ट्रियन साम्राज्यातील होते, हा योगायोग लक्षणीय आहे. आता हवा दाबण्यास माणसाच्या पाठीऐवजी वाफेचे इंजिन होते. १८९५ साली कार्ल फोन लिंडे याने हवेचे द्रवीकरण साधले, ते हवा सुमारे २०० बारांपर्यंत दाबून. १९४३ साली कुस्तो आणि गान्यां यांच्या श्वसनयंत्रामुळे पाणबुड्यांच्या टाक्या सर्वत्र पसरल्या आणि त्या भरणारे कॉम्प्रेसर बंदरोबंदरी आले.

या कॉम्प्रेसरचे मर्म टप्प्यांत आहे. २० अंशांची हवा उष्णता बाहेर जाऊ न देता एकाच झटक्यात २०० पट दाबली, तर तिचे तापमान गणिताने हजार अंशांच्या वर जाते. वंगणाचे तेल पेट घेण्यास एवढे पुरे. तीच क्रिया तीन टप्प्यांत केली, प्रत्येक टप्प्यात दाब सहापटीहून किंचित कमी वाढविला आणि मधे हवा थंड केली, तर तापमान सुमारे २१० अंशांवर राहते. पहिला दट्ट्या रुंद आणि शेवटचा अरुंद ठेवल्याने भारही आटोक्यात येतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस आलेले तीन टप्प्यांचे हातपंप याच तत्त्वावर चालतात.

१९८४ साली दहा मीटर वायुरायफल ऑलिंपिकमध्ये आली. त्यानंतरच्या काळात या खेळात स्प्रिंगच्या बंदुका मागे पडून सुमारे २०० बार दाबाची नळकांडी रूढ झाली. सुमा शिरूर, रुद्रांक्ष पाटील यांच्यासारख्या महाराष्ट्रातील नेमबाजांनी ज्या प्रकारात नाव मिळविले, तो हाच. रुद्रांक्ष पाटील यांनी २०२२ साली कैरो येथे त्यात जगज्जेतेपद पटकावले. या नेमबाजांपुढचा व्यावहारिक प्रश्न जिरार्दोनीच्या शिपायाचाच आहे : बंदूक घेतली, पण हवा कोण भरणार? हातपंप स्वस्त, पण कष्टाचा. मोठ्या टाकीवरून भरणे सोपे, पण ती टाकी भरणारा जवळ हवा. स्वतःचा कॉम्प्रेसर स्वातंत्र्य देतो, पण निगा मागतो. निगेतला मोठा भाग पाण्याचा असतो. पावसाळ्यात कोकणपट्टीवरील ३० अंशांच्या दमट हवेत घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते. दहा लिटरची टाकी २०० बारांनी भरण्यास अशी सुमारे दोन घनमीटर हवा लागते, म्हणजे जवळजवळ ६० ग्रॅम पाणी. ते वाटेतच गाळून काढले नाही, तर टाकीत साचते आणि पोलाद आतून खाते. म्हणूनच नळकांड्यांना वापराची मुदत असते आणि स्पर्धेत ती ओलांडलेली चालत नाहीत.

७

जिरार्दोनीची बंदूक काळाच्या फार पुढे होती म्हणून ती टिकली नाही, असे सामान्यतः म्हटले जाते. हे विधान आकर्षक असले तरी अपुरे आहे. बंदूक पुढे होती. तिचा पंप काळाबरोबरच होता, आणि त्या दोहोंमधील अंतर शिपायांच्या हाडांनी भरून काढावे लागे. शस्त्राच्या इतिहासात जे हाती दिसते त्याची नोंद होते; पिछाडीस पंपावर वाकलेल्या माणसाची होत नाही. त्याची नोंद केल्यावाचून या शस्त्राच्या यशापयशाचा हिशेब जुळत नाही.