सागरी शैवालांचे खवले आणि पेशीविज्ञान : एक ऐतिहासिक आढावा

सागरी शैवालांचे खवले अभ्यासकांना प्रथम दिसले ते मृतावस्थेत. १८३६ मध्ये एरेनबर्ग यांना ते खडूच्या दगडात आढळले. पुढे १८५७ मध्ये ‘सायक्लॉप्स’ जहाजाने अटलांटिकच्या तळातून आणलेल्या गाळातही तशाच चुनखडीयुक्त चकत्या मिळाल्या व थॉमस हक्सली यांनी त्यांना ‘कोकोलिथ’ हे नाव दिले. १८६८ मध्ये, मद्यार्कात जतन केलेल्या त्याच गाळातील चिकट द्रव्य हक्सली यांना आदिम जीवद्रव्य वाटले आणि कोकोलिथ हा त्याचाच भाग ठरला. ‘चॅलेंजर’ मोहिमेतील रसायनतज्ज्ञ बुकॅनन यांनी मात्र हे द्रव्य म्हणजे मद्यार्कामुळे समुद्राच्या पाण्यातून खाली बसलेला कॅल्शियम सल्फेटचा साका असल्याचे दाखविले. १८७५ मध्ये हक्सली यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली, हे त्यांच्या थोरवीला साजेसेच होय.

खवला पेशीत नेमका कोठे घडतो, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे ०.२ मायक्रॉनपेक्षा कमी अंतरावरचे तपशील वेगळे दाखविता येत नाहीत; खवल्यांवरील नक्षी त्याहून बारीक. १९५० नंतर प्लिमथ येथील प्रयोगशाळेत मेरी पार्क यांनी हे नाजूक जीव संवर्धित केले आणि लीड्स विद्यापीठात आयरीन मँटन यांनी ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. क्रिसोक्रोम्युलिना या प्रजातीच्या पेशीवर चुनखडीचा लवलेशही नसलेले, सेंद्रिय द्रव्याचे नक्षीदार खवले दिसले. दोन कशाभिकांमधील तिसऱ्या तंतूला ‘हॅप्टोनेमा’ हे नाव मिळाले.

याहून मोलाचे निरीक्षण पेशीच्या अतिपातळ छेदांत होते. गॉल्जी यांनी १८९८ मध्ये वर्णिलेला पिंड हा रंजनक्रियेतून उद्भवलेला आभास असावा, अशी शंका अनेक वर्षे घेतली जात होती. मँटन यांच्या छायाचित्रांत याच पिंडाच्या चपट्या पिशव्यांत अर्धवट घडलेले आणि पूर्ण झालेले खवले स्पष्ट दिसत होते. स्राव निराकार असतो. त्याचा माग काढणे कठीण. खवल्याला स्वतःचा ठराविक आकार असल्यामुळे पिशवीतील वस्तू आणि पेशीच्या पृष्ठभागावरील वस्तू एकच, हे नजरेनेच पटत होते. गॉल्जी पिंडाच्या कार्याचा इतका सरळ पुरावा प्राणिपेशींतही क्वचितच मिळाला असेल.

१९६९ मध्ये मँटन व लीडेल यांनी कोकोलिथधारी शैवालांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतही सेंद्रिय खवले गॉल्जी पिंडातच घडत होते आणि कॅल्साइटचे स्फटिक अशा खवल्याच्या कडेवर बसत होते.