झोम्बी, खार आणि आपली कोठी

झोम्बी आले तर काय कराल, अशी माहिती २०११ साली अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने खरंच काढली होती. झोम्बी गमतीचे, पाणी, औषधं, कागदपत्रं तयार ठेवा, हा मुद्दा खरा.

जर्मनीने हे काम खारीवर सोपवलं. साठच्या दशकात पश्चिम जर्मनीत ‘मोहीम खार’ घरोघरी दोन आठवड्यांचा शिधा ठेवायला सांगत होती. पश्चिम बर्लिनला ते वेगळं सांगायला नको होतं, १९४८-४९ची नाकेबंदी त्यांनी सोसली होती. त्यानंतर शहराने धान्य, कोळसा, औषधं असा सहा महिन्यांचा साठा केला. जुना माल काढायचा, नवा भरायचा. भिंत पडल्यावर, १९९०मध्ये, तो मदत म्हणून कुणाला गेला? ज्यांनी नाकेबंदी केली, त्या सोव्हिएत संघाला!

आजचा सरकारी सल्ला, जमल्यास दहा दिवसांचा. माणशी रोज दोन लिटर पाणी, म्हणजे चौघांना ८० लिटर. आमच्या तळघरात मोजलं: पाणी १२ लिटर, बासमती २० किलो! आजीच्या कोठीत वर्षाचं धान्य असे, पण अंगणात विहीर आणि चूलही होती. “बाबा, वीज गेली तर भात कशावर?” लेकीने विचारलं. क्लायंटना बॅकअप शिकवणारा मी गप्प. शनिवारी बाल्कनीसाठी कॅम्पिंगची शेगडी आणतोय.