पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा?

बैठक संपत आलेली असते, वहीवर सह्या चालू असतात आणि तेवढ्यात कुणीतरी सांगतं, "एक संस्था आपल्या गटांना निधी द्यायला तयार आहे." मग आम्ही सगळ्याजणी आधी एकच विचारतो, किती? कशासाठी, कुणाच्या सांगण्यावरून, हिशेब कुणाला द्यायचा, हे प्रश्न बहुतेक वेळा पैसे खर्च होऊन गेल्यावर आठवतात. म्हणून आज आम्ही एक जुनी गोष्ट सांगणार आहोत. ती आहे अमेरिकेच्या दक्षिण भागातली, साठ-सत्तर वर्षांपूर्वीची. पण त्यातल्या बायका ऐकताना परक्या वाटणार नाहीत.

तिथे १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांनाच अर्पण केलं होतं. पण कायदा झाला तरी काळ्या माणसांच्या वाट्याला बरोबरी आली नाही. मताचा हक्क कागदावर होता. प्रत्यक्षात मतदार यादीत नाव घालायला गेलं की परीक्षा घ्यायचे. मिसिसिपी राज्यात तर राज्यघटनेचं एखादं कलम काढून द्यायचे आणि त्याचा अर्थ लिहायला सांगायचे. उत्तर बरोबर की चूक, हे ठरवणार नोंदणी करणारा गोरा कारकून. वर मतदानासाठी वेगळा कर. १९६४ सालापर्यंत मिसिसिपीत मताचं वय झालेल्या शंभर काळ्या माणसांपैकी जेमतेम सात जणांचं नाव यादीत होतं.

अशा वेळी १९५७ साली दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या जॉन्स बेटावर एका दुकानाच्या मागच्या खोलीत रात्रीचा वर्ग सुरू झाला. दुकान पुढे ठेवलं ते गोऱ्या लोकांना संशय येऊ नये म्हणून. शिकवणारी होती बर्निस रॉबिन्सन. ती शिक्षिका नव्हती, केशरचनेचं काम करायची. हे काम उभं करणारी सेप्टिमा क्लार्क मात्र जुनी शिक्षिका. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं सदस्यत्व सोडायला तिने नकार दिला, म्हणून तिची सरकारी शाळेतली नोकरी गेली होती. पहिल्या दिवशी बर्निसने वर्गातल्या मोठ्या माणसांना विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला स्वतःचं नाव लिहायचं होतं, कुणाला बायबल वाचायचं होतं, कुणाला टपालाने सामान मागवायचा फॉर्म भरायचा होता. तिने तेच शिकवलं आणि त्यातूनच मतदार नोंदणीच्या फॉर्मपर्यंत त्यांना नेलं.

नावाची ही गोष्ट आपल्याकडेही घडली आहे. १९५१-५२ची पहिली निवडणूक आली तेव्हा आपल्या देशात मतासाठी लिहिता-वाचता येण्याची अट नव्हती. बाबासाहेबांच्या घटनेने प्रत्येक प्रौढ माणसाला मत दिलं होतं. तरी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या. कारण काय, तर यादी करणाऱ्याला त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. नाव सांगणं, नाव लिहिणं ही छोटी गोष्ट नाही, हे बचत गटाच्या पासबुकावर पहिली सही करणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

आता पैशाकडे येऊ. जॉन्स बेटाचे वर्ग टेनेसी राज्यातल्या हायलँडर नावाच्या लोकशाळेने चालवले आणि त्यांना फाउंडेशनचा पैसा मिळाला. फाउंडेशन म्हणजे एखाद्या श्रीमंत माणसाने किंवा घराण्याने आपल्या संपत्तीतून काढलेला देणगीचा खासगी न्यास. तिथला कायदा अशा न्यासांना करात सवलत देतो. १९६१ साली टेनेसी सरकारने हायलँडर बंद पाडलं. तेव्हा वर्ग मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे गेले. पैसा दिला फील्ड फाउंडेशनने. शिकागोमध्ये एक प्रचंड मोठं दुकान होतं, त्या दुकानवाल्या मार्शल फील्ड यांच्या नातवाने १९४० साली काढलेलं हे फाउंडेशन. किंग यांच्या संघटनेला करसवलतीची देणगी थेट घेता येत नव्हती, म्हणून पैसा एका चर्चच्या संस्थेमार्फत आला. दक्षिणेतल्या गावोगावच्या बायका-पुरुष बसने जॉर्जिया राज्यातल्या डॉर्चेस्टर केंद्रात यायचे, शिकायचे आणि गावी जाऊन वर्ग घ्यायचे. आपल्याकडे गावातली एखादी ताई प्रशिक्षण घेऊन येते आणि बाकीच्या गटांना शिकवते, तसंच.

१९६२ साली फील्ड, टॅकॉनिक आणि स्टर्न या फाउंडेशनांनी मिळून मतदार शिक्षणाचा मोठा प्रकल्प सुरू केला. त्यामागे सरकारचीही इच्छा होती. त्याआधीच्या वर्षी तरुण मुलं-मुली गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वेगळ्या बसण्याविरुद्ध बसमधून प्रवास करत होती, मार खात होती, जगभर बातम्या होत होत्या. रस्त्यावरच्या या आंदोलनापेक्षा पोरांनी मतदार नोंदणी करावी, असं वॉशिंग्टनच्या सरकारला वाटत होतं. चळवळीतल्या काहींना तेव्हाच शंका आली. हा पैसा आपल्याला बळ द्यायला येतोय, की आपल्याला गप्प करायला? पण मताचं काम त्यांनाही हवंच होतं. बराच वाद झाला आणि शेवटी बऱ्याच जणांनी ते स्वीकारलं. अडीच वर्षांत साडेआठ लाख डॉलरांहून जास्त पैसा खर्च झाला आणि दक्षिणेत साडेसहा लाखांहून जास्त नवे मतदार नोंदले गेले. हे यश खरंच मोठं होतं.

पण आकड्यांच्या मागे काय होतं ते बघा. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी मिसिसिपीतल्या रूलव्हिल गावातून १८ माणसं एका जुन्या बसने तालुक्याच्या ठिकाणी नाव नोंदवायला गेली. त्यात होती फॅनी लू हेमर. वीस भावंडांतली सगळ्यात धाकटी, सहाव्या वर्षापासून कापूस वेचणारी, वय ४४. परीक्षेत ती नापास झाली. परतताना पोलिसांनी बस अडवून ड्रायव्हरला दंड केला. कारण सांगितलं, बसचा रंग जास्तच पिवळा आहे! त्याच रात्री मळ्याच्या मालकाने तिला बजावलं, नोंदणीचा अर्ज मागे घे नाहीतर निघ. अठरा वर्षं काम केलेला मळा सोडून ती निघाली. ज्या घरी तिने आसरा घेतला, त्या घरावर काही दिवसांनी गोळ्या झाडल्या गेल्या. जानेवारी १९६३ मध्ये ती परीक्षा पास झाली. पण आधीच्या वर्षांच्या मतदान कराच्या पावत्या नव्हत्या, म्हणून तेव्हाही मत देता आलं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये प्रशिक्षणाहून परतताना विनोना गावच्या तुरुंगात तिला इतकं मारलं की ते दुखणं जन्मभर राहिलं.

शेजारच्या लफ्लोर जिल्ह्यात तर १९६२च्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी गरिबांना मिळणारं सरकारी धान्य वाटणंच बंद केलं. नाव नोंदवाल तर उपाशी राहाल, हाच त्याचा अर्थ. चळवळीच्या कार्यकर्त्यांनी दूरच्या शहरांतून अन्न आणि कपडे गोळा करून आणले. आणि झालं उलटंच. धान्य घ्यायला जमलेल्या माणसांना कळलं की मताचा आणि भाकरीचा संबंध आहे. नोंदणीच्या रांगा वाढल्या.

तरीही मिसिसिपीत प्रत्यक्ष नाव लागलेली माणसं होती काही हजारच. पैसा मात्र खूप खर्च झाला होता. म्हणून १९६३ सालच्या अखेरीला प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनी मिसिसिपीचा पैसा थांबवला. त्यांची बाजूही समजून घेऊ. हातात पैसा मोजका होता, दुसऱ्या राज्यांत तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त नोंदणी होत होती आणि मिसिसिपीत सरकार कार्यकर्त्यांना संरक्षण देत नव्हतं. हिशेबाच्या वहीत हे बरोबर बसतं. पण ज्यांची घरं गेली, ज्यांनी मार खाल्ला, त्यांच्या बाजूने बघा. जिथे जुलूम जास्त तिथे आकडा कमी येणारच. मग आकडा कमी म्हणून पैसा बंद, हा न्याय झाला का?

पैसा थांबला, पण काम थांबलं नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये मिसिसिपीच्या काळ्या जनतेने आपली नकली निवडणूक घेतली आणि ८० हजारांहून जास्त माणसांनी मत टाकलं. आम्हाला मत नको असतं, असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. १९६४ साली त्यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि फॅनी लू हेमरने आपली कहाणी टीव्हीवर सगळ्या देशाला ऐकवली. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्काचा कायदा झाला. १९६७ पर्यंत मिसिसिपीत शंभरातल्या साठ काळ्या माणसांचं नाव यादीत आलं. जिथे काम फुकट गेलं असं वाटलं होतं, तिथल्याच बायकांच्या साक्षीने कायद्याला जोर आला.

फाउंडेशनच्या पैशाला दुसरीकडूनही लगाम बसला. १९६७ साली क्लीव्हलँड शहरात फोर्ड फाउंडेशनने एका काळ्या संघटनेला निधी दिला. त्यातून मतदार नोंदणीही झाली. त्याच वर्षी तिथे कार्ल स्टोक्स थोड्या मतांनी महापौर झाले. मोठ्या अमेरिकन शहराचे ते पहिले काळे महापौर. करसवलतीच्या पैशाने निवडणूक फिरवली, असा आरडाओरडा झाला. काही श्रीमंत लोक फाउंडेशनच्या आडून कर चुकवतात, ही तक्रारही होतीच. १९६९ साली नवा करकायदा आला. मतदार नोंदणीला पैसा द्यायचा तर ते काम कुठल्याही एका पक्षाचं नसावं, निदान पाच राज्यांत चालावं आणि काम करणाऱ्या संस्थेने एकाच ठिकाणाहून पाव हिश्शापेक्षा जास्त पैसा घेऊ नये, अशा अटी पडल्या. कुठल्याच पक्षाचं नसावं हे ठीक. पण एका गावात, एका तालुक्यात काम करणाऱ्या लहान संघटनेने पाच राज्यं आणायची कुठून?

फील्ड फाउंडेशनचं एक काम मात्र आम्हाला मनापासून सांगावंसं वाटतं. १९६७ साली त्यांनी मिसिसिपीत डॉक्टर पाठवले. डॉक्टरांनी उपाशी, आजारी मुलं तपासली आणि जे पाहिलं ते वॉशिंग्टनला जाऊन सांगितलं. नंतरच्या वर्षांत गरिबांसाठीच्या सरकारी अन्नयोजना वाढल्या. दहा वर्षांनी डॉक्टर पुन्हा गेले तेव्हा भुकेची ती भयानक अवस्था बरीच कमी झालेली दिसली. खासगी पैसा थोडाच होता. तो वाटून संपवण्याऐवजी सरकारला जागं करायला वापरला, म्हणून लाखो ताटांपर्यंत पोचला.

या सगळ्याच्या आधी, १९५५-५६ साली, माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी ३८१ दिवस सिटी बसवर बहिष्कार घातला होता. लोकांना कामावर नेण्या-आणण्यासाठी गाड्या, पेट्रोल, सगळ्याला पैसा लागायचा. जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीणबाईंनी बायका जमवल्या. त्या कोंबडीचे सँडविच, केक, गोड पाय बनवून विकायच्या आणि दर आठवड्याला सभेत पैसे आणून द्यायच्या. कुणी विचारलं पैसे कुठून आले, तर उत्तर ठरलेलं : कुठूनच नाही. म्हणून मंडळाचं नावच पडलं 'कुठूनच नाही क्लब'. गोऱ्यांच्या घरी काम करणाऱ्या बायकांची नावं त्यामुळे उघडी पडली नाहीत. या पैशाला कुणाची अट नव्हती.

मग बाहेरचा पैसा घेऊच नये का? फॅनी लू हेमरचं पुढचं काम बघा. तिने गरीब कुटुंबांसाठी डुकरांची बँक काढली. काळ्या महिलांच्या राष्ट्रीय परिषदेने सुमारे पन्नास डुकरं दिली. कुटुंबाने गाभण डुकरीण न्यायची, पिल्लं झाली की दोन पिल्लं बँकेला परत करायची, ती दुसऱ्या घरी जायची. आपल्याकडे शेळी अर्धलीने देतात, त्याच्या जवळचाच प्रकार. १९६९ साली तिने चाळीस एकर घेऊन सहकारी शेतीही सुरू केली. जमीन पुढे सहाशे एकरांच्या वर गेली. त्या शेतीला दूरच्या देणगीदारांचा मोठा आधार होता. अतिवृष्टी आणि दुष्काळाने पिकं गेली, देणग्या आटल्या, आणि १९७०च्या दशकाच्या मध्यावर शेती बंद पडली. १९७७ साली हेमर वारली. पण तेवढ्या वर्षांत कितीतरी घरांनी पोटभर खाल्लं आणि मालकाच्या दारात न जाता खाल्लं. म्हणून ते काम वाया गेलं, असं आम्ही म्हणणार नाही.

मैत्रिणींनो, आपल्या गटात आलेला पैसा पाहुण्यासारखा असतो. पाहुण्याला पाट द्यावा, जेवण वाढावं, पण घराच्या किल्ल्या द्यायच्या नसतात. आपली दर महिन्याची बचत, ती शंभर रुपये असली तरी, आपली असते. तिच्यावर बाहेरच्या कुणाची अट नसते. म्हणून पुढच्या वेळी निधीचा कागद आला की ठराव लिहिण्याआधी सगळ्यांसमोर तो मोठ्याने वाचा. हे काम आपण मागितलंय का, की त्यांनी ठरवलंय? आकडा कमी आला तर काय होईल? पैसा उद्या थांबला तर आपण काय चालू ठेवू? या तीन प्रश्नांची उत्तरं प्रोसिडिंगमध्ये लिहा आणि मगच सही करा. सही करताना बर्निस रॉबिन्सनच्या त्या मागच्या खोलीची आठवण ठेवा. तिथे जमलेल्यांना आधी विचारलं होतं, तुम्हाला काय हवंय?