इगर्जी बांधावी, मंडळी लावावी

‘चर्च प्लांटिंग’ला मराठीत कोणी ‘मंडळी-स्थापना’ म्हणतात, कोणी ‘मंडळी-रोपण’. स्थापना मूर्तीची होते, संस्थेचीही होते. रोपण झाडाचे. मग चर्च ही वास्तू असेल, तर ती रोपायची कशी?

खुद्द ‘चर्च’ हा शब्द घराच्या बाजूने साक्ष देतो. त्याचे मूळ ग्रीक ‘कुरिआकोन’, म्हणजे ‘प्रभूचे’. पुढे ‘घर’ अध्याहृत असावे. जर्मन ‘किर्खे’ आणि स्कॉटिश ‘कर्क’ हे त्याचेच भाऊबंद. चर्चसाठीचा दुसरा ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’, त्याचे गोत्र मात्र निराळे. ‘एक्’ म्हणजे बाहेर, ‘कालेइन’ म्हणजे बोलावणे. अथेन्समध्ये नागरिकांच्या सभेला हे नाव होते. त्यात भिंतींचा संबंध नाही. लॅटिनमार्गे त्याचे पोर्तुगीज ‘इग्रेजा’ झाले आणि आपल्याकडे ‘इगर्जी’. सभेचा हा शब्द वाटेतच वास्तूला चिकटलेला दिसतो. गोव्यात उतरला तो चिरेबंदी होऊनच. हिंदीने आद्य ‘इ’ गाळून ‘गिरजा’ केला, आणि कोणाला तरी त्यात पार्वती दिसली असावी, म्हणून ‘गिरिजाघर’! फारसीने तोच ग्रीक शब्द ‘कलीसा’ म्हणून घेतला. अरबी ‘कनीसा’ त्याचा जुळा भाऊ वाटतो, पण त्याचे कूळ ‘गोळा होणे’ या अर्थाच्या सेमिटिक धातूचे. इस्रायलच्या संसदेचे ‘क्नेसेट’ हे नाव त्याच घरातले.

मराठी बायबलने ‘मंडळी’ पत्करली. ‘मंडल’ म्हणजे वर्तुळ, त्यावरून जमलेली माणसे. पण जुन्या वळणाचा गृहस्थ ‘आमची मंडळी माहेरी गेलीय’ म्हणे, तेव्हा त्या मंडळीची संख्या एक असे. नव्या करारात ख्रिस्तसभेला वधूची उपमा आहे. भाषांतरकारांच्या मनात ही जुळणी असेल असे वाटत नाही. योगायोगच असावा, पण झकास.

आता रोपणाकडे. लावणारा मी, पाणी घालणारा सहकारी अपुल्लोस आणि वाढ देवाच्या हाती, असा हिशोब प्रेषित पौलाने करिंथकरांपुढे मांडला. तिथले ग्रीक क्रियापद ‘फ्युतेउओ’. नवख्या विश्वासणाऱ्याला ‘निओफाइट’ म्हणतात, तो शब्दशः ‘नवे रोप’. त्यातल्या ‘फ्यू’चे नाते संस्कृत ‘भू’शी, म्हणजे असण्या-होण्याशी. लॅटिन ‘प्लांतारे’ तळपायावरून आलेला दिसतो: रोप खोचून भोवतीची माती पायाने दाबायची. रोमन कॅथलिक परंपरेलाही ही प्रतिमा परकी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘आद जेन्तेस’ या १९६५च्या आदेशपत्रात सुवार्ताप्रसाराच्या जोडीला चर्चचे रोपण आहे. आपले ‘रोप’ ‘रुह्’ धातूच्या प्रयोजकाचे: वाढायला लावलेले. त्याच धातूचे ‘आरोहण’, आणि त्याचाच ‘आरोप’, म्हणजे एकाचे दुसऱ्यावर लादणे. या देशात मिशनच्या वाट्याला रोपण आणि आरोप दोन्ही आले, हे व्युत्पत्तीला धरूनच झाले म्हणायचे.

पण मला ‘रोपणे’पेक्षा ‘लावणे’ अधिक नेमके वाटते. त्याचे मूळ ‘लग्’शी, म्हणजे चिकटण्याशी, असावे. तरी भाताच्या लावणीत रोप आधी उपटावे लागते. तरव्यातून सुटल्याशिवाय ते खाचरात लागत नाही, आणि लावणाऱ्यालाही पुढच्या खाचराकडे सरकावे लागते. पौल करिंथात दीड वर्ष राहिला आणि पुढे गेला.

अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचा चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५मध्ये हिंदुस्थानात आला, तेव्हा मराठी मिशनच्या कामातही त्याने हाच मुद्दा लावून धरला: पाळक स्थानिक असावा, खर्च मंडळीने उचलावा, प्रसारही तिनेच करावा. मिशनऱ्यांना शाळा, बंगले, पगार यांतून पाय काढणे जड जात होते. त्याचा आग्रह मराठीत दोन क्रियापदांत सांगता येईल: मंडळी लावा, पोसत बसू नका.