नवतीवरची वंशावळ

आंबियाची नवती फुटली की लोधीखेड्याच्या संत्रा बागांत नजर आधी शेंड्याकडे जाते. मिटलेल्या कोवळ्या पानांच्या घडीत बदामाच्या आकाराची बारीक पिवळी अंडी दिसली, की समजायचं, सायला आली. मोठी सायला जेमतेम तीन मिलिमीटरची. डोकं फांदीला टेकवून, मागची बाजू उचलून तिरपी बसते. तिच्यासाठी पंप पाठीवर घ्यावाच लागतो. पण तिच्या पोटात जे नांदतंय त्याची कुळकथा संत्र्याहून कितीतरी जुनी आहे.

सायला झाडाचा रस शोषते. त्यात साखर भरपूर, पण अंग धरायला लागणारी अमिनो आम्लं फार थोडी. ती करून देणारे जिवाणू तिच्या पोटातल्या एका खास अवयवात राहतात. रस शोषणाऱ्या किडींच्या पोटातला असा अवयव जुन्या अभ्यासकांनी पाहिला होता, पण त्यांना तो बलकासारखा वाटला. त्यात सूक्ष्मजीवांची वस्ती आहे, हे १९१० मध्ये कारेल शुल्च आणि उंबेर्तो पिएरान्तोनी या दोघांनी आपापल्या जागी ओळखलं.

सायलांच्या कुळातल्या या जिवाणूला २००० मध्ये नाव मिळालं, कार्सोनेला रुडी. यातली कार्सन म्हणजे रेचेल कार्सन, १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहून कीटकनाशकांचं संकट जगापुढे मांडणारी. रुडी आलं ते त्याच प्रश्नावर लिहिणाऱ्या रॉबर्ट रड यांच्यावरून. जिच्यावर आपण फवारतो तिच्याच पोटात हे नाव वस्तीला आहे, आणि ते तिथेच असावं असं मला मनापासून वाटतं.

कार्सोनेला मिळतो फक्त आईकडून. अंडं तयार होत असतानाच तो त्यात शिरतो. स्त्रीधनासारखा लेकीकडून नातीकडे जातो. मुलापाशी ती ओळ संपते. दर पिढीला अंड्यात शिरतात ते मोजके, आणि बाहेरच्या जिवाणूंशी देवाणघेवाण नाही. मग एकदा हरवलेलं जनुक परत कुठून येणार? २००६ मध्ये अत्सुशी नाकाबाची आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका सायलातल्या कार्सोनेलाचा जनुकसंच वाचला, तर अक्षरं निघाली जेमतेम १ लाख ६० हजार. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायची ४६ लाखांच्या घरात असतात. इतकं गमावूनही घर सुटलेलं नाही. सायलांच्या जातींची वंशावळ आणि त्यांच्या कार्सोनेलाची वंशावळ शेजारी ठेवली, तर फांदीला फांदी जुळते.

संत्र्यावरच्या आपल्या सायलात त्याच अवयवात आणखी एक बिऱ्हाड आहे, प्रॉफ्टेला. तो विष तयार करतो, हे २०१३ मध्ये कळलं.

तिसरा वोल्बाकिया, आणि त्याची रीत निराळी. १९२४ मध्ये मार्शल हर्टिग आणि बर्ट वोल्बाक यांना तो क्युलेक्स डासात सापडला. जातो तोही अंड्यातूनच. पण पुष्कळ किडींत असं होतं, की लागण झालेला नर आणि लागण नसलेली मादी यांची अंडी मरतात. लागण झालेल्या मादीला मात्र कोणताही नर चालतो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तिचीच लेकरं वाढत जातात. कॅलिफोर्नियातल्या एका फळमाशीत तो असाच वर्षाला १०० किलोमीटरच्या वेगाने पसरला.

त्याची वंशावळ मात्र किडींशी जुळत नाही. नात्याने लांबच्या किडींत अगदी सख्खे वोल्बाकिया निघतात. म्हणजे तो अधूनमधून घर बदलतो. कसा, याचा एक रस्ता २०१५ मध्ये पांढऱ्या माशीत दिसला. तिच्या पिलांना टोचून पाहणाऱ्या मित्रकीटकाच्या अंडी घालायच्या नळीला तो चिकटला आणि पुढच्या पिलात उतरला. सायलाच्या पिलांनाही टॅमरिक्सिया नावाचा असाच एक मित्रकीटक टोचतो. १९२२ मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं ते पंजाबातल्या नमुन्यांवरून. पांढरी माशी आपल्याकडे पऱ्हाटीवर, सायला संत्र्यावर, आणि मध्ये कित्येकदा एक धुराच असतो.