भाकिते आणि भाव : सिस्कोच्या समभागाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
समभागाविषयीचे भाकीत भविष्याचे वर्णन म्हणून वाचले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ते त्या काळाचे साधन म्हणून वाचावयास हवे. ते कोणी केले, कोणासाठी केले आणि त्याचा खर्च कोणी उचलला? प्रस्तुत लेखात सिस्को सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे.

विवेचन :
१९८४ मध्ये स्थापन झालेली सिस्को इंटरनेटच्या जाळ्यासाठी राउटरसारखी उपकरणे बनवीत असे. १९९० मध्ये तिचे समभाग बाजारात आले. मार्च २००० मध्ये ५०० अब्ज डॉलरहून अधिक बाजारमूल्यासह ती जगातील सर्वांत मूल्यवान कंपनी ठरली. समभागाचा भाव ८० डॉलरच्या आसपास, म्हणजे वार्षिक नफ्याच्या शंभर पटींहून अधिक होता. इंटरनेट जग व्यापणार, हे त्यामागील गृहीतक पुढे खरेही ठरले. तथापि, उपकरणांच्या मागणीचा बराच भाग कर्ज काढून विस्तारणाऱ्या दूरसंचार कंपन्यांचा होता. डिसेंबर २००० मध्येही सिस्कोच्या नेतृत्वाला वार्षिक ३० ते ५० टक्के वाढीची अपेक्षा होती. मे २००१ मध्ये सुमारे २.२ अब्ज डॉलरचा न खपलेला साठा निर्लेखित करावा लागला. ऑक्टोबर २००२ मध्ये भाव १० डॉलरच्या खाली गेला.

विश्लेषकांच्या आशावादास संस्थात्मक कारणही होते. १ मे १९७५ रोजी अमेरिकेत दलालीचे ठरावीक दर रद्द झाले. दलालीचे उत्पन्न घटल्याने संशोधनाचा खर्च भांडवल-उभारणीच्या व्यवसायातून भागविला जाऊ लागला. परिणामी, जिचे मूल्यमापन करावयाचे तीच कंपनी संभाव्य ग्राहक झाली. २००२ मध्ये न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी उघड केलेल्या ई-मेलमधून, मेरिल लिंचचे विश्लेषक जाहीरपणे शिफारस केलेल्या काही इंटरनेट समभागांची खाजगीत हेटाळणी करीत असल्याचे दिसून आले. एप्रिल २००३ मध्ये १० वित्तसंस्थांनी सुमारे १.४ अब्ज डॉलर देऊन तडजोड केली.

निष्कर्ष :
हितसंबंधांवर कायद्याने अंकुश ठेवता येतो. प्रामाणिक आशावादावर तो ठेवता येत नाही. सिस्कोच्या बाबतीत तंत्रज्ञानाचे भाकीत खरे ठरले, भावाचे खोटे. २००० मधील उच्चांक ओलांडण्यास डिसेंबर २०२५ उजाडावा लागला. उच्चांकाला समभाग घेणाऱ्या पन्नाशीतील नोकरदारास, लाभांश सोडल्यास, मुद्दल परत मिळेपर्यंत पंचाहत्तरी गाठावी लागली. भाकीत 'खरे ठरले' असे म्हणताना ते कोणासाठी, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.